हरिहरपंतांची पाहणी आणि धाकूचं डबकं

सार्वजनिक आरोग्य ही फार नाजूक चीज आहे, आणि ती बिघडते ती नेहमी दुसऱ्याच्या जागेत. हे ओळखायला सरकारचीच अक्कल लागली. शके अठराशेच्या पुढेमागे ठाणं आणि कल्याण यांच्यामधल्या एका खाडीकाठच्या गावाला (नाव सांगत नाही, तिथल्या लोकांना अब्रूनुकसानीच्या फिर्यादीची आवड आहे) म्युनिसिपालटी मिळाली, म्युनिसिपालटीला आरोग्य कमिटी मिळाली आणि कमिटीला नियम मिळाले.

नियम सुटसुटीत होते. साचलेलं पाणी, कुजका उकिरडा, माजलेला निवडुंग, पडायला आलेली भिंत आणि सर्वसाधारण दुर्गंधी यांना उपद्रव म्हणावं. उपद्रव ज्याच्या जागेत सापडेल त्याने तो मुदतीत काढावा. न काढल्यास ती जागा राहण्यास अयोग्य ठरवून म्युनिसिपालटीने घर उतरवावं आणि जागा ताब्यात घ्यावी. उपद्रव आला कुठून, हा प्रश्न नियमांत नव्हता. नियम करणाऱ्यांना फार खोलात शिरायला वेळ नसतो.

पाहणीचं काम हरिहरपंतांकडे आलं. ते मुनसफ कोर्टात वकिली करत, वरच्या आळीत राहत आणि मनाने खरोखर चांगले होते (अशा कामाला मनाने चांगलाच माणूस लागतो, वाईट माणूस लवकर कंटाळतो). रोग दुर्गंधीतून पसरतो असं त्या काळचं नवं शास्त्र होतं, त्यामुळे पाहणीला डोळे किंवा पाय लागत नसत, नाक पुरे होई. पंत खालच्या आळीच्या कडेला रस्त्यावर उभे राहत, उपरण्याचा पदर नाकावरून क्षणभर काढत, एक श्वास घेत आणि अहवाल लिहीत. त्यांच्या पहिल्या अहवालाप्रमाणे गावातली बारा आणे दुर्गंधी खालच्या आळीत होती, तीन आणे बाजारात आणि उरलेला आणा वाऱ्यावर. वरच्या आळीत दुर्गंधी आढळली नाही (तिथे पाहणी झाली नव्हती).

आता, वास म्हणजे घाणीचे सूक्ष्म कणच, असं नवं शास्त्र सांगे. आणि कण लागला की विटाळ, असं जुनं शास्त्र. दोन्ही शास्त्रांचं एवढ्या एकाच बाबतीत एकमत होतं. म्हणून पाहणीहून परतल्यावर पंत नेसत्या वस्त्रांनिशी सचैल स्नान करत. स्नानाचं पाणी न्हाणीतून गटारात जाई, गटार उताराने खाली जाई आणि खालच्या आळीत धाकूच्या अंगणात संपे. तिथे डबकं होई. डबक्याला वास येई. वास आला की पाहणी करावी लागे.

धाकू मिठागरात राबणारा माणूस. बोलायचं काम त्याची बायको तुळसा करी. म्युनिसिपालटीचा शिपाई गुणाजी याने पहिली नोटीस वाचून दाखवली, तेव्हा ती तडक रस्त्यावर उभ्या पंतांकडे आली.

"पंत, यो पानी आमचा नाय. वरशी येतं. तुमी जवा जवा बघाया येता, तवा मागशी तेवराच पानी येतं. तुमी बघाया येऊ नका, म्हंजे सुकंल."

"अगं तुळसे, पाहणी केल्याशिवाय सुकलं की नाही ते कळायचं कसं?" पंत समजुतीने म्हणाले.

तरी त्यांना तिची दया आली. एकट्याच्या नाकावर कुणाचं घर जाऊ नये, म्हणून त्यांनी सबंध कमिटीला पाहणीस बोलावलं. मेंबर आले, सर्वांनी एकेक श्वास घेतला आणि घरी जाऊन आंघोळी केल्या. दुसऱ्या दिवशी डबकं धाकूच्या उंबऱ्याला लागलं आणि कुडाची भिंत एका अंगाला कलली.

शेवटची नोटीस आली: साचणारं पाणी तात्काळ बंद करावं, नाहीतर घर उतरवलं जाईल. उभा जन्म मिठागरात गेलेल्या माणसाला पाणी बंद कर म्हटलं, की एकच गोष्ट सुचते. गटार वरच्या आळीतून निघतं, तिथे त्याच्या तोंडाशीच धाकूने चिखलाचा चांगला बांध घातला.

"इकडून परसात एकदा पाहणं व्हावं," पंतांच्या पत्नी सुमतीबाई म्हणाल्या. "न्हाणीचं पाणी परत आलंय."

पंत परसात गेले ते घोटाभर पाण्यात. सवयीने त्यांनी श्वास घेतला. वास ओळखीचा होता. त्याचं वर्णन त्यांनीच प्रत्येक अहवालात केलं होतं. ते तसेच उभे राहिले आणि त्यांना लाज वाटली. अगदी खरी लाज वाटली, मान वर करवेना.

"मग आता नोटीस आपल्याला यायची का?" सुमतीबाईंनी विचारलं. त्यांना नियम ऐकून ऐकून पाठ झाले होते.

पंत उपरणं घेऊन कमिटीच्या सभेला गेले. सगळं खरं सांगून टाकायचं, असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं. ते बोलायला उठले. समोरचे मेंबर सगळे वरच्या आळीचे. प्रत्येकाच्या धोतराचा काठ ओला होता आणि त्यांच्यापैकी कोणीही पंतांकडे पाहत नव्हतं.

"धाकूच्या घराची भिंत पडायला आली आहे," पंत म्हणाले.

हेही खरंच होतं, आणि भिंत नियमांत होती. ठराव एकमताने मंजूर झाला.

घर उतरवताना पंत रस्त्यावर उभे होते. तुळसाने मडकी उचलली, जात्याची तळी धाकूच्या डोक्यावर दिली आणि जाता जाता विचारलं, "पंत, आता यो पानी कोनाचे दारान जाल?"

पंतांनी उपरण्याचा पदर नाकावर ओढला. ते घरी गेले आणि पाहणी झाली होती म्हणून त्यांनी आंघोळ केली.

बांध फोडला. डबकं पूर्वीच्या जागी भरलं. पण जागा आता म्युनिसिपालटीची होती, आणि म्युनिसिपालटीने स्वतःला नोटीस द्यावी असा नियम नसल्यामुळे त्या वर्षीच्या अहवालात खालच्या आळीचा उपद्रव निरंक दाखवला आहे. कलेक्टरसाहेबांनी समाधान व्यक्त केलं. धाकूने आणखी खाली, अगदी खाडीच्या कडेला, नवी झोपडी बांधली. पाणीही हळूहळू तिकडेच वाट काढू लागलं.

वाचकहो, पंतांना हसायचा हक्क तुम्हाला आहेच. फक्त आज सकाळच्या आंघोळीचं पाणी कोणाच्या दारात गेलं, ते एकदा मोरीपासून चालत जाऊन पाहून या आणि मग हसा. एवढं चालायचा कंटाळा असेल तर कमिटीत एक जागा रिकामी आहे, आणि तुम्ही मनाने चांगले आहात, हे तर सगळ्यांना ठाऊकच आहे.