वर्तककाकांचं मंजन

वर्तककाका माणसाचा चेहरा नंतर बघतात, आधी दात. आम्ही डोंबिवलीला राहायला आलो त्या दिवशी लिफ्ट बंद होती आणि मी डोक्यावर गादी घेऊन तिसरा मजला गाठत होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या उघड्या दारातून प्रश्न आला, "पेस्ट की पावडर?"

गादीखालून काहीच दिसत नव्हतं. मी म्हणालो, पेस्ट.

"वाटलंच," असं म्हणून काकांनी गादीचं मागचं टोक धरलं आणि माझ्याबरोबर वर आले. वाटेत हिरड्यांबद्दल इतकं बोलले, की गादी खाली ठेवेपर्यंत मी जिभेने स्वतःचे दात चाचपायला लागलेलो.

काका ठाण्याच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. लग्न केलं नाही. घरात माणूस एक आणि खलबत्ते तीन. बाभळीची साल, हिरडा, लवंग, सैंधव असं सगळं गच्चीवर वाळवायचं आणि मग कुटायचं. कुटण्याच्या दिवशी अख्खी बिल्डिंग शिंकत जिना चढायची. "फेस म्हणजे सफाई नव्हे, नुसता गाजावाजा," हे त्यांचं लाडकं वाक्य. टीव्हीवर टूथपेस्टची जाहिरात लागली की ते तिच्याशी भांडत, आणि ती संपली की आवाज बंद करून उरलेला मुद्दा पूर्ण करत. लग्नात आहेर म्हणूनसुद्धा मंजनाची बरणी. एका नवरदेवाने मुखवास समजून त्यातलं चमचाभर खाल्लं. दुसऱ्या दिवशी काकांनी पोटाची चौकशी केलीच नाही, हिरड्यांना काही फरक वाटतो का, एवढंच विचारलं.

अशात तळमजल्यावर केतकी नावाच्या तरुण डेंटिस्टने दवाखाना थाटला, आणि सोसायटीत निवडणुकीसारखं वारं शिरलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, बरणी घेऊन खाली उतरले. मागोमाग आम्ही निम्मी बिल्डिंग. आधी माझे दात बघ, वाद मग घालू, असं तिला सांगून ते खुर्चीत आडवे झाले.

केतकीने बराच वेळ तपासलं. हिरड्या मस्त आहेत म्हणाली. काकांनी उघड्या तोंडानेच आमच्या दिशेने विजयी हात उंचावला.

"पण काका, मंजन भरड आहे तुमचं," ती म्हणाली. "दात हिरड्यांपाशी झिजलेत बघा." आणि तिने आरसा पुढे धरला.

आता खरी जुंपणार म्हणून आम्ही दारात सरसावून उभे. काकांनी आरशात पाहिलं, मान वळवून पुन्हा पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "म्हाताऱ्या माणसाला लावलं तर? दात थोडेच उरलेत, हिरड्या नाजूक आहेत, अशा माणसाला?"

दुखत असणार, केतकी म्हणाली. मऊ ब्रश घ्या आणि वाटाण्याएवढी पेस्ट.

त्याच संध्याकाळी काका घरोघरी फिरून, आजवर वाटलेलं मंजन परत मागत होते. चूक झाली माझी, एवढंच म्हणत. काही घरांनी बरणी कधी उघडलीच नव्हती आणि ती त्यांच्यापुढे आणताना लोक ओशाळत होते, पण भरलेली बरणी दिसली की काकांनाच हायसं वाटत होतं.

रविवारी सकाळी आमची बेल वाजली. काकांच्या हातात नवा मऊ ब्रश आणि पेस्टची ट्यूब होती. आंबिवलीला येतोस का, म्हणाले. हे काम मला येत नाही, तू दाखव.

आंबिवलीला त्यांची थोरली बहीण होती, अक्का. ती मुलीकडे राहायची. आई लवकर गेल्यावर काकांना तिनेच वाढवलेलं. आता तिला नीट दिसत नव्हतं, माणसं ओळखता येत नव्हती. दर रविवारी काका तिथे जाऊन आपल्या बोटाने तिचे उरलेसुरले दात घासून देत. एवढ्या वर्षांत हे त्यांनी आमच्यापैकी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी ब्रशवर वाटाण्याएवढी पेस्ट काढून दिली. जिन्यात दणादण आवाज करत चालणारा हा माणूस, पण ब्रश असा फिरवत होता की जणू झोपलेल्या बाळाची नखं कापतोय. अक्काने निमूट तोंड उघडं ठेवलं, चूळ भरली. काकांनी टॉवेलने तिचं तोंड पुसलं, तेव्हा तिने चाचपडत त्यांचा हात धरला आणि त्यांना जवळ ओढलं.

"डॉक्टर, आज जरासुद्धा दुखलं नाही हो," ती कुजबुजली. "पण माझ्या भावाला सांगू नका हं. बोटाने घासतो तो, इतक्या लांबून येऊन. वाईट वाटेल त्याला."

"नाही सांगणार," काका म्हणाले, आणि हात तिच्या हातात तसाच राहू दिला.