भोंगा होईपर्यंत

हिरेमठ मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या गल्लीच्या नळावर, दोन कडकडून भांडणाऱ्या बायकांच्या मधोमध उभे असलेले. माणूस मधे पडतो तो भांडण सोडवायला, असा आपला माझा समज. मास्तर भांडण सोडवत नव्हते. लावून देत होते.

"वळीनं! वळीनं बोला की ओ! दोघी एकदम बोललात तर कुणाचं काय कळणार? ह्या बाईंचा हंडा भरेपर्यंत ह्यांनी बोलायचं. त्यांचा लागला की त्यांनी. शिव्या द्या, मी नको म्हणंना. पण वळीनं."

पहिलीनं सुरुवात केली. पण सोलापूरचा नळ तो, धार करंगळीएवढी. निम्मा हंडा होईस्तोवर तिच्याजवळच्या शिव्या संपल्या आणि ती गप्प झाली. मास्तर म्हणाले, "बोला की. अर्धं सोडू नका." मग दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि पदर खोचून दोघी मिळून मास्तरांवर तुटून पडल्या. मास्तर हंडे घेऊन दोघींच्या दारापर्यंत पोचवायला गेले, शिव्या खात, आणि तेही वळीनं.

हे आमच्या हायस्कुलात ड्रिल शिकवत आणि शिवाय सुपरवायझर होते. मी चित्रकला शिकवायचो, म्हणजे शाळेत आम्ही दोघंच असे की ज्यांच्या विषयात कुणी नापास होत नसे. त्यामुळे आमचं जमलं. मास्तर म्हणजे पिळदार मिशा, डोक्याला रुमाल, खाकी अर्धी विजार आणि आवाज असा की "सावधान" म्हटलं की रस्त्यावरचा टांगेवाला लगाम ओढायचा. पोरांना सरसकट "बे" म्हणत. घरात एकटे. बायको वारलेली. मुलगा तिकडे वाडी जंक्शनला रेल्वेत चिकटलाय, एवढं गल्लीला ठाऊक होतं. तो कधी आलेला मात्र कुणी पाहिला नव्हता. एकदा मी विचारलं, तर मास्तर म्हणाले, "त्याचं काय झालं, की..." आणि थांबले. मग चहा ओतायला लागले. दुसऱ्या कुणी असं वाक्य अर्ध्यावर टाकलं असतं तर मास्तरांनी त्याला उठू दिलं नसतं.

ते दिवस स्वराज्याच्या चळवळीचे, भलते गरम होते. पोरं खादीच्या टोप्या घालून यायची आणि भूगोलाच्या तासाला मधेच कुणीतरी घोषणा ठोकून द्यायचा. हेडमास्तर दांडेकरांचा जीव टांगणीला. सरकारी ग्रँट बंद झाली म्हणजे? ते म्हणाले, छडी काढा. तेव्हा मास्तरांनी तोडगा काढला. घरून घासलेटच्या डब्यांचं एक रिकामं खोकं आणलं, कडुलिंबाखाली पालथं घातलं आणि सगळ्या शाळेला सुनावलं:

"ऐका बे! वर्गात भूगोल. खोक्यावर स्वराज्य. मधल्या सुट्टीत ज्याला जे बोलायचंय त्यानं हितं चढून बोलायचं. एका दिवशी एक. तो बोलायला लागला की भोंग्यापर्यंत त्याला कुणी अडवायचं न्हाई. भोंगा झाला की उतरायचं आणि गप वर्गात."

भोंगा म्हणजे मिलचा. शाळेचं घड्याळ कधीच बंद पडलं होतं, आणि मिल फुकट ओरडत असताना दुरुस्ती कशाला, असं संस्थेचं मत. दुपारच्या भोंग्यावर शिपाई सुट्टी संपल्याची घंटा द्यायचा. मी माझं खिशातलं घड्याळ देऊ केलं, तर मास्तर म्हणाले, "नको. घड्याळ तुमच्या खिशातलं, म्हणजे तुमच्या बाजूचं. भोंगा सगळ्या गावाचा."

आणि काय सांगू, खोकं चाललं! वर्गातल्या घोषणा बंद झाल्या. एक दिवस मामलेदाराचा मुलगा सरकारच्या बाजूनं बोलायला चढला. पोरांनी हुर्यो सुरू केली. मास्तरांनी हुर्यो करणाऱ्यांची रांग लावली आणि भोंग्यानंतर एकेकाला पुढं बोलावून हुर्यो करायला लावली. एकट्यानं हुर्यो करून बघा कधी. फार अवघड जातं.

मग तो दिवस उजाडला. शाळा तपासायला डेप्युटीसाहेब यायचे होते आणि नेमका त्याच दिवशी शहरात हरताळ. दुकानं बंद, टांगे बंद, मिल बंद. हेडमास्तरांनी घरोघर माणसं धाडून पोरं गोळा केली. पोरं आली, पण डेप्युटीसाहेबांसाठी नव्हे. त्या दिवशी खोक्यावर नरसूची पाळी होती. नरसू म्हणजे विणकरांच्या वस्तीतला, मॅट्रिकच्या वर्गातला, घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि दोन्हीत सारखाच फटकळ.

मधली सुट्टी झाली. नरसू चढला. सरकारचं मीठ, सरकारची लाठी, सरकारची बुद्धी, एकेक घेऊन त्यानं सोलून काढलं. पोरं खूश. तेवढ्यात फाटकातून डेप्युटीसाहेब आत आले आणि कडुलिंबाखाली उभे राहिले. हेडमास्तर धावत आले.

"हिरेमठ, उतरवा त्याला!"

"भोंगा झाला न्हाई, सर."

"अहो, आज भोंगा होणार कुठून? मिल बंद आहे!"

मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. एवढ्या मोठ्या शाळेत ही गोष्ट एकाच्याही डोक्यात आली नव्हती. शिपाई बिचारा घंटेखाली हातोडा उगारून मिलच्या धुराड्याकडे बघत उभा. क्षणभर वाटलं, मास्तर नरसूला बखोटीला धरून खाली घेणार. त्यांचा हात उठलाही. पण तो त्यांनी आपल्याच विजारीच्या खिशात घातला.

"बोल बे नरसू. अर्धं सोडू नको."

आता पंचाईत नरसूची! त्याचं भाषण भोंग्याच्या मापाचं. सरकार संपलं. पोरगं घामाघूम होऊन इकडेतिकडे बघायला लागलं, आणि समोर शाळा होती. मग काय, शाळाच घेतली. पिण्याच्या पाण्याच्या रांजणात बेडूक कसा आहे, मुतारीकडे नाक धरून कसं जावं लागतं, दांडेकर सर इंग्रजीच्या तासाला कसे डुलक्या घेतात, चित्रकलेचे सर गाढव काढतात ते घोड्यासारखं कसं दिसतं. (हे खोटं होतं. तो घोडाच होता.) डेप्युटीसाहेब मन लावून ऐकत होते. शेवटी नरसूचा घसा बसला आणि तो हात जोडून म्हणाला, "मास्तर, आता माझ्याकडं काहीच न्हाई की हो!"

"नक्की न्हाई?"

"नक्की."

"मग उतर."

डेप्युटीसाहेब निघताना एवढंच म्हणाले, "मुलं शांत उभी राहतात हो तुमच्याकडे. बरं, तो रांजण दाखवा."

सरकारला घातलेल्या शिव्या हेडमास्तर एक वेळ विसरले असते. डुलक्यांचं मात्र त्यांच्या जिव्हारी लागलं. संस्थेची बैठक बसली. नरसूला काढून टाकायचं ठरत आलं. मॅट्रिक तोंडावर, अख्ख्या घरात शिकलेला तो एकटा. काढला असता तर पोरगा जन्माचा हातमागावर बसला असता. मास्तरांना बोलावलं. नरसू परवानगीशिवाय बोलला, असं फक्त मास्तरांनी म्हणायचं होतं. मग त्यांच्यावर काही येणार नव्हतं.

"परवानगी मीच दिलती," मास्तर म्हणाले. "नियम माझा. भोंग्याची चूक माझी. पोराला का काढायलाव?"

"तुम्हाला हात धरून थांबवता आलं नसतं?"

"आलं असतं," मास्तर म्हणाले. "म्हणूनच न्हाई धरला."

पोरगा राहिला. मास्तरांची सुपरवायझरी गेली, नुसतं ड्रिल उरलं, आणि खोकं शाळेतून हलवायचा हुकूम झाला. ते मास्तरांनी डोक्यावर घेऊन भर बाजारातून घरी नेलं. मी बरोबर होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मास्तर वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होते, "भारी पोरगं हाय. लई बोललं."

सोलापुरातली गोष्ट सोलापुरात राहत नाही, ती रेल्वेनं पुढे जाते. थंडीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी मास्तरांकडे चहाला बसलो होतो, तर दारात एक तरुण उभा. मिशा तशाच, फक्त बारीक. मास्तरांनी बशी खाली ठेवली.

"वाडीला लोकं सांगायलेत," तो दारातूनच म्हणाला, "सोलापुरात कुणी हिरेमठ मास्तर हायेत, साहेबासमोर पोराला बोलू दिले, थांबवलेच न्हाईत. मी म्हटलं, दुसरे कुणी असतील."

"ये. बस," मास्तर म्हणाले.

घरात खुर्ची एकच, तिच्यावर मी. तो खोक्यावर बसला. मास्तर त्याच्यासमोर जमिनीवर बसले. मग मास्तर खाली बघत म्हणाले, "तुझं अर्धं राहिलंय."

"काय?"

"जायच्या दिवशी बोलत होतास. 'आई अंथरुणावर असताना तुम्ही एकदा तरी तिला,' हितवर आलतास. मी तुझं बखोट धरलो, गप बस म्हणालो. तू गेलास." मास्तरांनी आपला चहा त्याच्यापुढं सरकवला. "पुढचं सांग."

"राहू द्या आता, अण्णा."

"न्हाई. अर्धं सोडू नको."

तेवढ्यात मिलचा संध्याकाळचा भोंगा झाला. सवयीनं मी मास्तरांकडे बघितलं. ते उठले, खिडकी लावून घेतली आणि पुन्हा मुलासमोर जमिनीवर बसले.

"तो मिलचा हाय," ते म्हणाले. "तू बोल."

मी चहा तसाच ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडलो. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत आतून पोराचा आवाज चढत चाललेला ऐकू येत होता. मास्तरांचा आवाज काही आला नाही.