अप्पांचा काळा रंग

सासऱ्यांचे केस जांभळे होते.

चुकलं. पुन्हा.

सासऱ्यांचे केस फोटोत जांभळे दिसत होते.

हे असंच म्हणायचं, असं घरात ठरलं होतं. अप्पा उद्या निवृत्त होणार. समारंभात लावायला कुटुंबाचा मोठा फोटो हवा, आणि तो आज दुपारी लॅबमध्ये छपाईला जायलाच हवा. फोटो जावयाने काढलेला. नोकरी सोडून त्याने अप्पांच्याच घरातल्या पुढच्या खोलीत धंदा थाटला होता. "फोटो चांगला आला तर खोली तुमची," अप्पांनी सकाळीच सांगितलं होतं, "नाहीतर उद्यापासून मी तिथे पेपर वाचत बसेन."

आत्ता ते जावयाच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसले होते.

"जावईबापू, तुमच्या मॉनिटरला काहीतरी झालंय. माझे केस बघा."

"बघतोय, अप्पा."

"कसले दिसतायत?"

"रंग जुळवून घेतो मॉनिटरचे."

जावयाची बायको दारातून हळूच म्हणाली, "अरे, केस तेवढे काळे करून टाक ना."

"मला ऐकू येतं," अप्पा म्हणाले. "फोटोत खाडाखोड चालणार नाही. आहे ते दिसलं पाहिजे."

झालं. जावयाने रंग मोजायचं यंत्र काढून स्क्रीनवर लटकवलं. लाल, हिरवे, निळे चौकोन चमकत राहिले. निकाल: रंग बिनचूक. केस जांभळे.

"खिडकीतून उजेड येतोय."

पडदे ओढले. पुन्हा मोजणी.

"पडदे पिवळे आहेत."

काळी चादर टांगली. पुन्हा.

"तुमचा शर्ट लाल आहे."

जावई बनियनवर आला. पुन्हा. सासूबाई चहा घेऊन आल्या, त्यांनी दिवा लावला, जावयाला बनियनवर पाहिलं, दिवा बंद केला आणि चहा घेऊन परत गेल्या. दिवा लागला म्हणून पुन्हा.

दर खेपेला रंग अधिक खरे होत गेले. अप्पांचं डोकं आता ताज्या वांग्यासारखं चकाकत होतं.

चहाच्या निमित्ताने जावयाने स्वयंपाकघर गाठलं. "आई, अप्पा डाय कुठला लावतात?"

"काळा."

"अहो, पण..."

"इतकी वर्षं इथे राहताय. कधी बोललात?"

"नाही."

"मग काळाच."

तो परतला तेव्हा अप्पा यंत्र हातात घेऊन उलटसुलट बघत होते. "ह्याला काळं म्हणजे काय, ते कुणी शिकवलंय का? ठेवा ते बाजूला. मी सांगतो तशी बटणं फिरवा."

जावयाने फिरवली. थोडं इकडे. आणखी. केस काळे झाले. बाकीचं कुटुंब हिरवं झालं.

"आता कसं," अप्पा म्हणाले.

"आम्ही?" बायकोने विचारलं.

"रोज फिरायला जात जा म्हणून कधीचा सांगतोय."

बटणं फिरवून मॉनिटर बदलतो, फोटो आहे तसाच राहतो, हे जावयाला ठाऊक होतं. सांगायला तोंडही उघडलं. मग घड्याळ पाहिलं आणि फोटो लॅबला पाठवून दिला.

संध्याकाळी फोटो फ्रेम होऊन आला. सगळे कसे टवटवीत. मधोमध अप्पा, जांभळे. जावई मनातल्या मनात वायरी गुंडाळून खोक्यात भरू लागला.

अप्पांनी चष्मा पुसून घातला. "बघा. आपल्याकडे काळे होते. बाहेर दिलं आणि वाट लागली."

"अप्पा, खरं म्हणजे..."

"तुम्ही त्या लॅबवाल्याला पाठीशी घालू नका. पुढची खोली तुमचीच. मागचीही घ्या, छपाईचं मशीन तिथे बसवा. रंग मी जुळवून देईन."

जावयाने बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

"आणि उद्याचं काय?" तिने विचारलं.

"उद्या मॉनिटरच न्यायचा स्टेजवर," अप्पा म्हणाले. "बटणांना कुणी हात लावायचा नाही."