अंगावर घेऊन पाहणारा श्यामराव

आमच्या गल्लीतल्या श्यामरावनं एकदा पोटाले सहा किलोचं कोहळं बांधून हापशीवरून पाणी आणलं. भर सकाळी, सगळ्या बायांच्या देखत.

झालं असं, शेजारच्या मारोतीची बायको सातव्या महिन्यात होती, आन् मारोती चारचौघांत म्हणे, "पहिलेच्या बाया तर नवव्या महिन्यातही वावरात जात." श्यामराव तिथून उठला. घरी गेला, जुन्या लुगड्यानं कोहळं पोटाले आवळलं आन् पाण्याचा पितळी गुंड घेऊन हापशीवर निघाला. तिसऱ्या खेपेले मटकन खाली बसला. बाया हसून हसून लोळल्या. "काय झालं जी भाऊजी, कळा येऊन राह्यल्या का?" श्यामराव घाम पुसत म्हणे, "मारोत्या, आता तू बांध." मारोतीनं कोहळं काही बांधलं नाई, पण दुसऱ्या दिवसापासून पाण्याचा गुंड त्याच्या खांद्यावर दिसायले लागला.

असा हा माणूस. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये तो मोटारी दुरुस्त करायचा, मी तिथंच रुईच्या गाठी उचलायचो. "अंगावर घेऊन पाह्यतो," हे त्याचं पालुपद. गल्लीतल्या दामूचा पाय प्लास्टरात गेला, तर यानं आपल्या पायाले दोन फळ्या बांधल्या आन् ग्रामपंचायतीच्या पायऱ्या चढायले गेला. आपटला. मग सरपंचाले म्हणे, "फळ्या बांधून चढून दाखव, नाई तर उतार बांध." उतार झाला. त्यावर बकऱ्याच जास्त बसतात, पण दामूही त्यावरूनच चढला.

मी त्याले येडा म्हणायचो, तोंडावर. "श्याम्या, लोकायचं दुखणं काऊन उसनं घेतं बे?" तो नुसता हसे.

मी कधी कोणाचं काही अंगावर घेतलं नाई आन् माझं कोणाले देल्लं नाई. शाळा दुसरीपर्यंत, त्यातही अर्धं वर्ष बकऱ्यांमागं. सही येते. बाकी अक्षरं दुरून ओळखीची वाटत, पण जवळ गेलं की बोलत नव्हती. हे मी साठ वर्षं कोणाले कळू देल्लं नाई. बसची पाटी असो का दवाखान्याचा कागद, माझं एकच उत्तर, "वाचून सांग बापू, चष्मा घरी राह्यला."

मग नात पल्लवी पुण्याले नर्सिंग शिकायले गेली. ड्युटीत तिले बोलता येत नाई, म्हणून मोबाईलवर मेसेज लिहून पाठवे. मोबाईल वाजे, मी पाहत बसे. वाचून कोणाकडून घेणार? पोरीनं आजोबाले लिहिलेलं गल्लीनं काऊन वाचावं? एक दिवस सूनबाई म्हणे, "बाबा, पल्लवी विचारून राह्यली, आबाजी माह्यावर नाराज आहेत का? एकाचंही उत्तर देत नाई."

मी म्हटलं, "चष्मा घरी राह्यला होता."

हे मी घरातच खाटेवर बसून म्हटलं, आन् चष्मा नाकावर होता. श्यामराव तिथंच चहा पित होता. त्यानं माझ्याकडं पाह्यलं आन् कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दाराले कुलूप. तिसऱ्या दिवशी दुपारी आला. कपडे मळलेले, तोंड उतरलेलं.

"कुठं गेलता बे?"

"आदिलाबादले."

"कोन आहे तिथं तुह्यं?"

"कोनी नाई. तिथं पाट्या तेलुगूत असते."

आमच्या इथून हैदराबादच्या रस्त्यानं काही तास गेलं की अक्षरं बदलतात. हा माणूस मुद्दाम तिथं गेलता, वाचता येत नाई म्हणजे काय ते अंगावर घ्यायले. बायांच्या मुतारीत शिरला, चपलांच्या मारातून थोडक्यात सुटला. परतीची समजून बसला ती बस उलटी आणखी खाली घेऊन गेली.

"विचारलं काऊन नाई कोनाले?"

"विचारलं ना." श्यामराव खाली पाहत म्हणे, "पहिलेच तोंडातून निघालं, चश्मा घर पे रह गया. गनपत, ते आपोआपच निघते रे. चष्मा खिशातच होता माह्या."

मले असा राग आला की त्याले घराबाहेर काढलं. इतक्या वर्षांचं झाकलेलं कोणी असं उघडं करते का? तीन दिवस बोललो नाई. पण कान त्याच्याकडंच होते. गल्लीत कोणी विचारलं तर तो सांगे, "लग्नाले गेलतो." मुतारीची गोष्टही त्यानं सांगतली नाई, आन् तशी गोष्ट पोटात ठेवणारा माणूस तो नव्हे.

चौथ्या दिवशी मीच पाटी घेऊन त्याच्या दारात उभा राह्यलो. "शिकवतं तर शिकव. पन हासला तर हेच पाटी डोस्क्यात घालीन."

सात महिने लागले. तुम्ही हे वाचून राह्यले ते माझ्या हातचं आहे. चुका असतील त्या माझ्या, आन् जे बरोबर आहे तेही माझंच.

पल्लवीले मी स्वतः लिहिलं, "नाराज नाई. शिकून राह्यलो होतो." पोरीनं ड्युटीतून बाहेर येऊन फोन केला, आन् नुसती रडत होती.

बोट मोकळं झालं होतं, म्हणून एक मेसेज श्यामरावलेही पाठवला. समोरच राहते तो, हाक मारली तरी आयकू जाते. तरी लिहिलं, "जेवला का?"

थोड्या वेळानं तो गल्ली ओलांडून आला. मोबाईल माझ्यापुढं धरला. "वाच."

"काऊन? तुले येत नाई का?"

"येते. तू वाच."

मी वाचलं, "जेवला का?"

तो खाटेच्या कोपऱ्यावर बसला. त्याची बायको जाऊन आठ वर्षं झाली. पोरबाळ नाई.

"अजून एकदा वाच," म्हणे.

मी पुन्हा वाचलं. या खेपेले सावकाश, एकेक अक्षर धरून. मग सूनबाईले आवाज देल्ला, दोन ताटं वाढायले सांगतलं.