टोपल्याखालची चवळी

“सहावीचा अभ्यास म्हणजे असतो काय हो? इकडून तिकडून आठ पुस्तकं! सबंध सत्र मी नातीकडून एका रविवारी करून घेईन. तेही दुपारच्या जेवणाआधी!”

कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या श्रीनिवासरावांनी ही घोषणा सिंदी मेघे गावातल्या आपल्या ओट्यावरून, शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी केली. जेवण झालं. वामकुक्षी झाली. चहा झाला. दिवे लागले तरी गणिताचं पहिलं प्रकरण काही संपेना!

“आजोबा, शून्यापेक्षा लहान संख्या कशी असते?” वेदश्रीनं विचारलं.

“शून्याच्या खाली? भलतंच! शून्याच्या खाली गेलं की चौकशी लागते.”

“पण पुस्तकात उणे पाच लिहिलंय.”

“छपाईची चूक असेल. वर कळवू आपण.”

वेदश्रीनं शांतपणे पुस्तक मिटलं आणि ती शेजारी गेली.

शेजारी रूपराव राहत. शेती केळझरकडे, पण नातीच्या शाळेसाठी बिऱ्हाड इकडे. नात अपेक्षा, वेदश्रीच्याच वर्गात. दोघी त्यांना आबाजी म्हणत. रूपरावांचं शिक्षण सातवी. ‘तेही ढकलून,’ असं ते स्वतःच सांगत. अर्ध्या तासात वेदश्री उड्या मारत परत आली.

“समजलं! जमीन म्हणजे शून्य. आबाजींच्या विहिरीचं पाणी तीस फूट खाली, म्हणजे उणे तीस. पाऊस पडला की उणे वीस. सोप्पं!”

श्रीनिवासरावांचा भाव एकदम उतरला. थेट उणे तीस फुटांवर.

मग एकेक विषय भिंतीपलीकडे जायला लागला. भूगोल गेला तो एका संत्र्यापायी. रूपरावांनी जाम गावच्या चौकातून आणलेलं संत्रं सोललं आणि म्हणाले, “ह्या फोडी पाहून राह्यल्या ना पोरीहो? वरून खालपर्यंत. हे तुमचे रेखावृत्त. आता दुसरं आडवं कापतो, म्हंजे अक्षवृत्त दिसन.” मग तिघांनी मिळून पृथ्वी खाऊन टाकली. नागरिकशास्त्राचं तर विचारूच नका! रूपराव पाच वर्षं सरपंच होते. ग्रामसभेचा धडा पुस्तकात चार पानांचा, त्यांच्या तोंडून तीन संध्याकाळींचा. त्यात एकदा माणसंच जमली नाहीत म्हणून सभा तहकूब झाली आणि जमलेल्या सात जणांनी चाळीस जणांचा चिवडा संपवला, हे ऐकून पोरी इतक्या हसल्या की अलीकडे श्रीनिवासरावांनी झारीतलं पाणी तुळशीऐवजी स्वतःच्या चपलेवर ओतलं.

“जळल्याचा वास येतोय,” आतून यशोदाबाई म्हणाल्या.

“दूध उतू गेलं असेल,” श्रीनिवासराव म्हणाले.

“दूध फ्रिजमध्ये आहे.”

दिवाळीच्या तोंडावर शाळेतून चिठ्ठी आली. सत्रभर काय काय शिकलो ते मुलं पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दाखवणार होती. आणि अभ्यासात ज्यांची मदत झाली, असं एक मोठं माणूस प्रत्येक मुलानं पुढच्या खुर्चीवर आणून बसवायचं होतं.

श्रीनिवासरावांनी इस्त्रीला टाकायचा सदरा मनात ठरवूनसुद्धा टाकला. “मग? कोणाला नेणार आमची वेदू?”

“आबाजींना!”

“त्यांना अपेक्षा नेईल की!”

“मी पण नेईन. आम्हा दोघींत एकच खुर्ची लागेल.”

त्या दिवशी श्रीनिवासराव दोनच पोळ्या जेवले. एरवी तीन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बादली उपडी घातली, तिच्यावर उभे राहिले आणि भिंतीवरून डोकावले. पाहतात तो काय! रूपरावांच्या अंगणात अपेक्षाच्या नावाची कुंडी लख्ख उन्हात, त्यात हिरवीगार चवळी. आणि कोपऱ्यात रूपराव एक टोपलं उचलून पाहत होते. टोपल्याखाली वेदश्रीच्या नावाची कुंडी, त्यातली चवळी कावीळ झाल्यासारखी पिवळी! रूपरावांनी मान डोलावली आणि टोपलं पुन्हा घट्ट झाकलं.

“हे वेदश्रीचं असंच अंधारात राहू द्या,” ते पोरींना म्हणाले.

बादली डगमगली! स्वतःच्या नातीला ऊन आणि आमचीला अंधार? हाच तो मदत करणारा मोठा माणूस?

विज्ञानाचं पुस्तक श्रीनिवासरावांनी उघडलं असतं, तर गोष्ट इथेच संपली असती. पण ज्याला सगळं पाठ आहे त्यानं पुस्तक उघडावं कशाला!

मोहीम सुरू झाली. बाराला पोरी शाळेत, रूपराव बाजेवर घोरत. श्रीनिवासराव मागच्या फाटकातून आत जात, कुंडी उचलत, आपल्या गच्चीवर उन्हात ठेवत आणि साडेचाराला परत टोपल्याखाली सरकवत.

“भर उन्हात कुठे निघालात?” यशोदाबाईंनी पहिल्याच दिवशी हटकलं.

“शतपावली.”

“कुंडी घेऊन?”

“एकट्याला कंटाळा येतो.”

शेणखत त्यांनी रूपरावांच्याच ढिगाऱ्यातलं घातलं. त्यात त्यांना खास न्याय वाटला. आठवडाभरात चवळीनं असा काही रंग धरला की अपेक्षाची चवळी तिच्यापुढे धाकटी बहीण दिसायला लागली.

“आजोबा, माझं झाड हिरवं होऊन राह्यलं!” वेदश्री म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं. आजोबांनी ते आनंद म्हणून नोंदवून घेतलं.

“होणारच! कोणाची नात आहेस?”

शनिवारी शाळेचं सभागृह भरलं. पुढच्या खुर्चीवर रूपराव, नव्या टोपीत. श्रीनिवासराव मागच्या रांगेत, देवकाबाई म्हणजे रूपरावांच्या मंडळी आणि यशोदाबाई यांच्या मधोमध. मुलांनी अपूर्णांक सांगितले, हिंदीत संवाद म्हटले, इंग्रजीत फळांची नावं घेतली. मग दोन कुंड्या आल्या.

“ही उजेडात ठेवली, ही बारा दिवस अंधारात,” वेदश्रीनं वही उघडली. “रोज संध्याकाळी दिसलं ते लिहिलं. अंधारातली आधी पिवळी पडली, मग हिरवी झाली. निष्कर्ष... झाडाला उजेडाची गरज नाही.”

सभागृह हसलं. विज्ञानाच्या सरांच्या भुवया उंचावल्या.

“वेदश्री, टोपलं नक्की झाकलं होतंस ना? की विसरलीस?”

“नाही सर! शप्पथ! आबाजींना विचारा.”

“मी सोता झाकत होतो, सर,” रूपराव गोंधळून म्हणाले.

पुन्हा हसू पिकलं. वेदश्रीची मान खाली गेली. वहीच्या पानावर एक थेंब पडला, बरोबर ‘निष्कर्ष’ या शब्दावर.

श्रीनिवासरावांच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. अंधार हा अन्याय नव्हता. अंधार हा प्रयोग होता! गप्प बसावं, असं एका मनानं सांगितलं. ते मन अनुभवी होतं. पण तो थेंब काही नजरेसमोरून हलेना. ते उठले, शाळकरी पोरासारखा हात वर केला, आणि तोंडून कचेरीच निघाली.

“सर, सदर कुंडी... दुपारी बारा ते साडेचार या वेळेत... निम्नस्वाक्षरीकारानं परस्पर उन्हात नेली होती.”

“कोणी?”

“मी.”

“व्हय तं!” देवकाबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या. “भाऊ रोज नेत होते. मले वाटलं हाच प्रयोग हाय! शाळेनं सांगतलं असन म्हणून म्या काई म्हटलं नाई.”

“काऊन पण, साहेब?” रूपरावांनी खुर्चीवरून वळून विचारलं.

“मला वाटलं, तुम्ही माझ्या नातीलाच अंधारात ठेवता.”

रूपराव टोपी काढून इतके हसले की खुर्ची करकरली. “अन् माह्या ढिगातलं खत कमी होऊन राह्यलं, तं मी तिकडं कुत्र्याले हाकलून राह्यलो!”

सर मात्र शहाणे. ते म्हणाले, “मुलांनो, वेदश्रीनं दिसलं तेच लिहिलं. पिवळं झाड उन्हात गेलं आणि हिरवं झालं. म्हणजे उजेड लागतोच! टाळ्या!”

टाळ्या वाजल्या. श्रीनिवासरावांनी हळूच इकडेतिकडे पाहिलं. तसं बघितलं तर हा निष्कर्ष त्यांच्याशिवाय निघालाच नसता! छाती जराशी पुढे आली. तेवढ्यात वेदश्री डोळे पुसत मागच्या रांगेपर्यंत आली.

“आजोबा, सर म्हणाले, सोमवारपासून प्रयोग पुन्हा करायचा. तुमची मदत लागेल.”

श्रीनिवासरावांनी पुढच्या खुर्चीवरच्या रूपरावांकडे एक नजर टाकली. “सांग बेटा, सांग! काय करू?”

“बारा दिवस तुम्ही दुपारी झोपाल का?”