कोर्ट नंबर सात, प्रवेश विनामूल्य

माणसाला जगायला अन्न, वस्त्र आणि निवारा या तीन गोष्टी लागतात, असे शाळेत शिकवतात. या तिन्ही मिळाल्यानंतरही निवृत्त माणसाकडे सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा एवढा वेळ शिल्लक राहतो, हे मात्र कोणत्याही इयत्तेत शिकवत नाहीत.

माझे मामा पाणीखात्यात मीटर वाचायला होते. पस्तीस वर्षे त्यांनी लोकांच्या घरामागे वाकून आकडे टिपले. त्यामुळे त्यांची पाठ कायमची वाकली, आणि कोणतीही गोष्ट थेंबभर वाया गेलेली त्यांना बघवेनाशी झाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी मामीला समोर बसवून जाहीर केले, की यापुढे या घरात काटकसर होईल, पण रडत होणार नाही. करमणूक रोज होईल. तिच्यावरचा खर्च शून्य राहील. मामी "बरं" म्हणाली. (चाळीस वर्षांच्या संसारात मामीने तीन प्रकारची "बरं" तयार केली आहेत. हे दुसऱ्या प्रकारचे होते, म्हणजे "बघू किती दिवस टिकतंय".)

पहिल्या तीन महिन्यांत काही प्रयोग झाले. बँकेच्या थंडगार हॉलमध्ये रोज टोकन घेऊन बसणे, हा पहिला. तो सोळा दिवस चालला. सतराव्या दिवशी काउंटरवरच्या बाईंनी "काका, तुमचं नक्की काम काय आहे?" असे विचारले आणि मामांना ऐनवेळी काम सुचले नाही. नंतर फर्निचरच्या दुकानात सोफ्यांवर बसून पाहणे. इथे मामीला इतकी गाढ झोप लागली, की विक्रेत्याने मामांना हळू आवाजात पांघरुणे दाखवायला सुरुवात केली. त्यानंतर मोफत आरोग्य तपासणी शिबिर. त्यात मामांना दोन नवे आजार मोफत मिळाले, पण त्यांच्या गोळ्या विकतच्या निघाल्या. त्या दिवसापासून शिबिरांची गणना चैनीत होऊ लागली.

कोर्टाचा शोध मात्र अपघाताने लागला. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला आपण जिवंत असल्याचे दरवर्षी सिद्ध करावे लागते. (आपली नुसती हजेरी पुरत नाही, कागद लागतो.) तो कागद करायला मामा कोर्टाच्या इमारतीत गेले. कागद करणारा जेवायला गेला होता, म्हणून शेजारच्या खोलीत पंखा दिसला तिथे टेकले. बाहेर आले तेव्हा चार तास उलटले होते आणि कचेरी बंद झाली होती. आपण जिवंत आहोत हे सिद्ध न करताच मामा घरी परतले. पण निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ते त्या दिवशी जिवंत दिसत होते, असे मामी सांगते.

"अगं, काय जागा आहे!" मामा दारातूनच म्हणाले. "पंखा आहे, बाकं आहेत, प्यायला पाणी आहे. आणि समोर खरी माणसं, खरं भांडण! खोटं फक्त शपथेवर बोलतात तेवढंच."

"दुसऱ्यांची भांडणं बघायला मी तीन किलोमीटर चालत येऊ?"

"चालणं फुकट आहे. शिवाय शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितलंय."

"बरं," मामी म्हणाली. (पहिला प्रकार. म्हणजे डबा भरते.)

यानंतर मामांनी इमारतीतल्या सर्व कोर्टांची रीतसर पाहणी केली. न वटलेल्या चेकांच्या कोर्टात एकच गोष्ट दिवसभर वेगवेगळी माणसे सांगत. फौजदारीत जागा मिळत नसे. नवरा-बायकोच्या भांडणांचे दार बंद ठेवतात, याबद्दल मामांनी वरिष्ठांना लेखी नाराजी कळवली. अखेर पसंती मिळाली ती तिसऱ्या मजल्यावरच्या कोर्ट नंबर सातला. इथे दिवाणी दावे चालत. चालत म्हणजे काय, ते मामांच्या वहीत आहे: दिवसाला सरासरी एकोणतीस प्रकरणे पुकारली जातात. चोवीस प्रकरणांना पुढची तारीख मिळते. तीन प्रकरणांत वकील येत नाहीत. एकात वकील येतात, पण ते दुसऱ्याच प्रकरणाचे असतात. उरलेले एक खरोखर चालते.

ते एक म्हणजे खिडकीचा दावा.

दोन सख्खे भाऊ होते. थोरल्याचा छापखाना, धाकटा घड्याळे दुरुस्त करणारा. वडिलांचे घर दोघांत भिंत घालून वाटलेले. अकरा वर्षांपूर्वी धाकट्याने त्या भिंतीला खिडकी पाडली आणि ती थोरल्याच्या अंगणात उघडली. थोरल्याचे म्हणणे, ही आमच्यावर पाळत. धाकट्याचे म्हणणे, भिंत माझीही आहे. एवढ्या भांडवलावर हा दावा अकरा वर्षे उभा होता. खिडकीची मापे सात वेळा घेतली गेली. पावसाळ्यात घेतली तेव्हा ती अर्ध्या इंचाने लहान भरली आणि त्या अर्ध्या इंचावर आठ तारखा झाल्या. मधल्या काळात चार न्यायाधीश बदलले. प्रत्येकाने प्रकरण पहिल्यापासून ऐकले, त्यामुळे उशिरा आलेल्या प्रेक्षकांची फार चांगली सोय झाली.

कायमचे प्रेक्षक चार. मामा, मामी, दुकान मुलाकडे सोपवलेले एक शिंपीकाका, आणि शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई, ज्या साक्षी चालू असताना स्वेटर विणत. (उलटतपासणीत वीण घट्ट येते, असे त्यांचे निरीक्षण होते.) चौघांनी मिळून नियम केले होते. जागा अडवू नये. खोकला आल्यास वकील खोकतील तेव्हा खोकावे. कोणाचीही बाजू घेऊ नये. शेवटचा नियम भूगोलाच्या बाई सोडून सर्वांनी पाळला. त्या पहिल्या दिवसापासून धाकट्याच्या होत्या, कारण त्याच्या शर्टाची कॉलर उसवलेली असे.

अशी सव्वादोन वर्षे सुखात गेली. मामांची पाठदुखी कमी झाली. मामा आणि मामी घरी परतताना रस्ताभर बोलत, हे मी स्वतः पाहिले आहे. आधीच्या काळात ती दोघे परतताना बोलत नसत, कारण बरोबर कुठे जातच नसत. महिन्याकाठी एका माणसामागे डब्याव्यतिरिक्त कसलाही खर्च न होता इतका आनंद निर्माण करणारी दुसरी सरकारी योजना माझ्या ऐकिवात नाही.

घोळ झाला तो पाण्याच्या नळावर.

दुपारच्या सुट्टीत व्हरांड्यातल्या नळावर मामी डबा विसळायला जाई. तिथेच दोघा भावांच्या बायकाही येत. त्या जावा, पण एकमेकींशी अकरा वर्षे अबोला, म्हणून एक गेल्यावर दुसरी यायची. मामी दोघींच्या मध्ये. एके दिवशी मामीने थोरलीला सहज विचारले, "हो, पण त्या खिडकीतून दिसतं तरी काय?"

"काय दिसणार? आमच्या दोरीवरचे कपडे. पूर्वी मुलं खेळायची अंगणात, आता तीही मोठी झाली."

थोरली गेली. धाकटी आली. मामीने तिलाही विचारले, "मग पाडलीच कशाला खिडकी?"

धाकटीने नळ बंद केला आणि म्हणाली, "सासूबाई आमच्याकडे होत्या ना. अंथरुणाला खिळलेल्या. नातवंडांचा आवाज ऐकू यायचा, पण मुलं दिसायची नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. म्हणून यांनी पाडली. सासूबाई गेल्या त्यालाही आता सात वर्षं होतील."

"अहो, मग हे कोर्टात सांगितलं का नाही?"

"आम्हाला कोणी विचारलंच नाही. लांबी विचारली, रुंदी विचारली. यांनी एकदा सांगायला तोंड उघडलं, तर वकील म्हणाले, त्याचा इथे संबंध नाही."

यावर कोणत्याही सुजाण प्रेक्षकाने काय केले असते? पाणी पिऊन जागेवर येऊन बसला असता. मामी बसली नाही. ती थेट थोरलीकडे गेली आणि तिने तिला सगळे सांगितले. (हा नियमांचा उघड भंग होता. इतका उघड, की असा नियम करावा हेच कोणाला सुचले नव्हते.)

पुढच्या तारखेला थोरला भाऊ स्वतः उठून उभा राहिला. त्याचे वकील त्याचा कोट ओढत होते. तो म्हणाला, "साहेब, मला दावा मागे घ्यायचाय."

"कारण?" न्यायाधीश म्हणाले.

"आईला तिथून माझी मुलं बघायची होती. मी त्या खिडकीसमोर पत्रा ठोकला होता, साहेब. पहिल्याच महिन्यात. कोर्टानं तो काढायला लावला, तोवर आई गेली होती." आणि तो खाली बसला. धाकटा पलीकडच्या बाकावरून उठला, अर्ध्या वाटेत आला, आणि पुढे काय करायचे ते न सुचून त्याने टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून थोरल्यापुढे धरला. तो ग्लास न्यायाधीशांचा होता.

अकरा वर्षांचा दावा चार मिनिटांत संपला. दोन्ही वकील दारात एकमेकांचे सांत्वन करत होते. शिंपीकाका म्हणाले, "असा शेवट करतात का कुठे?" भूगोलाच्या बाईंचा स्वेटर एका बाहीवर थांबला. मामांनी वही मिटली आणि तीन किलोमीटर ते एक शब्द बोलले नाहीत.

घरी आल्यावर मामीने स्वतःच कबुली दिली. मी तेव्हा त्यांच्याकडेच राहायला होतो.

"तू?" मामा म्हणाले. "तू केलंस हे? अगं, अजून चार वर्षं तरी आरामात चालला असता!"

"अहो, माणसं होती ती."

"होती ना! म्हणून तर इतकं रंगत होतं!"

मामीने "बरं" म्हटले. हा तिसरा प्रकार. तो मी त्याआधी ऐकला नव्हता आणि पुन्हा ऐकण्याची इच्छा नाही. ती आत गेली आणि तिने तिचे ताट वेगळे वाढून घेतले.

यानंतर जे झाले त्याला भांडण म्हणणे कमीपणाचे ठरेल. दोघांनी माझ्यामार्फत बोलायला सुरुवात केली. मामी म्हणायची, "त्यांना सांग, चहा झालाय. हवा तर या म्हणावं, नाहीतर पुढची तारीख घ्या." मामा म्हणायचे, "तिला सांग, मी चहा सोडलाय." मग चाळीस वर्षांतली जुनी प्रकरणे फेरतपासणीसाठी निघाली: मामीच्या भावाच्या लग्नात मामांनी आहेर म्हणून दिलेले कॅलेंडर, फर्निचरच्या दुकानातली झोप, आणि "तुम्हाला माझ्याशी बोलायला दुसऱ्याचं भांडण लागतं" हे मामीचे वाक्य. त्यावर मामांना उत्तर सापडले नाही, म्हणून ते मोठ्याने ओरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपीकाका आणि भूगोलाच्या बाई विचारपूस करायला आले. तासभर बसून गेले. तिसऱ्या दिवशी ते बरोबर अकराला आले आणि येताना डबा घेऊन आले. बाईंनी स्वेटरची दुसरी बाही सुरू केली. चौथ्या दिवशी कोर्टाचा शिपाई रजा टाकून आला, पाठोपाठ शेजारच्या दोघी स्टूल घेऊन आल्या, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट ऐकू यावे म्हणून कोणीतरी पंखा बारीक केला. बाई आता मामीच्या बाजूने होत्या. शिंपीकाका तटस्थ होते, पण मामा बोलताना मान हलवत.

त्या दिवशी मामा भरात होते. "सव्वादोन वर्षं," ते म्हणत होते, "सव्वादोन वर्षं मी या बाईला रोज..." आणि त्यांची नजर समोर गेली. शिंपीकाका कोपराने शिपायाला ढोसून सांगत होते, "आता ऐका हं, आता रंगणार."

मामा थांबले. त्यांनी एकेकाकडे बघितले: डबे, स्टूल, लोकर. मग मामीकडे बघितले. मामी स्वयंपाकघराच्या दारात पदराने डोळे पुसत उभी होती आणि लोकांना दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी होती. हे मामांना तोवर दिसले नव्हते. मला वाटते, खोलीतल्या कोणालाच दिसले नव्हते. सगळे ऐकण्यात गुंतले होते.

मामा उठले, मामीला घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतले.

आतून बोलण्याचा आवाज येतोय. हळू येतोय. मामा बोलतात, मग मामी काहीतरी म्हणते, आणि मामा हसतात की रडतात, ते लाकडी दारातून नीट कळत नाही. मी मामीला नंतर विचारले तरी ती म्हणेल, "तुला कशाला?" त्यामुळे आत काय बोलणे चालले आहे, ते मला माहीत नाही आणि मी सांगू शकत नाही.

तुम्हीही बराच वेळ बसला आहात. काही हरकत नाही, प्रवेश सर्वांना आहे. फक्त तो कान जरा दारावरून काढा. मागे शिंपीकाकांना काही ऐकू येत नाहीये.