शिफ्ट, पाच वेळा

शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबणं हा आमच्या शाळेत शिस्तभंग आहे. मुलुंडच्या या शाळेत शिस्तभंग तसे पुष्कळ आहेत, जिन्यात खिदळणं, तास चालू असताना डबा उघडणं वगैरे, हा नवा. माझ्या लेकीने, श्रुतिकाने, तो संगणकाच्या पहिल्याच तासाला केला आणि मला बोलावणं आलं.

श्रुतिकाचा डावा हात जन्मापासून तिचं ऐकत नाही. उजवा मात्र दोघांचं काम करतो आणि वर भांडतोही. घरच्या संगणकावर ती शिफ्ट पाच वेळा टकटकवते, एक चौकट उगवते, ही 'हो' म्हणते. मग दोन बटणं एकदम दाबायची गरज उरत नाही. आधी कंट्रोल, मग सावकाशीने एस, की फाइल सेव्ह. तोवर संगणक थांबतो. असं बटण माणसांनाही असायला हवं होतं, असं मला अनेकदा वाटतं.

संगणकाचे देवव्रत सर म्हणाले, "मुलं गेम खेळताना शिफ्ट बडवतात. दर वेळी टुंग वाजतं, चौकट येते, माझं डोकं उठतं. सगळ्या मशीनवरून बंदच करून टाकलंय मी ते."

"पण सर, सातवीची प्रॅक्टिकल पुढच्या आठवड्यात आहे. विषयच शॉर्टकट. माउस तुम्ही काढून घेणार. एका हाताने ती करणार कशी?"

"तेच म्हणतोय ना मी! बाकीची मुलं दोन बटणं एकदम दाबणार आणि ही आरामात एकेक. हा अन्याय नाही का?"

"कुणावर?"

"बाकीच्यांवर," सर गंभीरपणे म्हणाले.

मी मुख्याध्यापिका रेवती मॅडमकडे गेले. मॅडमचे डोळे लगेच भरून आले. त्यांचे ते लवकर भरतात. गेल्या वर्षी शाळेच्या रॅम्पच्या उद्घाटनालाही भरले होते. हा रॅम्प दोन पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होतो.

"श्रुतिकाची मम्मी, आपली शाळा सर्वसमावेशक आहे. तुम्ही अजिबात काळजी करू नका."

मी तिथूनच काळजी करायला लागले.

समिती बसली. सर्व संगणकांवर सदर सोय सुरू केल्यास इतर विद्यार्थ्यांच्या एकाग्रतेस बाधा पोहोचेल, सबब एक स्वतंत्र संगणक 'विशेष सुविधा केंद्र' म्हणून घोषित करण्यात यावा, असं एकमताने ठरलं. पाच टिचक्यांत होणाऱ्या गोष्टीला केंद्र मिळालं. काचेची केबिन आली, फीत आली, दारावर व्हीलचेअरचं निळं चित्र आलं.

"मॅडम, श्रुतिका चालते. पळतेसुद्धा."

"हो, पण फोटोत ते कळत नाही ना," मॅडम हळहळल्या. "एक दिवसापुरती बसेल का ती व्हीलचेअरवर?"

मी नाही म्हटलं. तेव्हापासून शाळेच्या लेखी मी असहकार्य करणारी पालक आहे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्र बघायला गेले. संगणकाचा पडदा बंद होता. सर अभिमानाने म्हणाले, "सुरक्षेसाठी लॉक घातलंय. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. तिन्ही एकदम दाबली की उघडतं."

"सर, तिला लांबलांबची दोनसुद्धा एकदम दाबता येत नाहीत! म्हणून तर हे केंद्र काढलंत ना?"

"म्हणूनच तर सोय आत चालू ठेवलीय. एकदा आत शिरली की प्रॉब्लेमच नाही."

"मग तेवढं तुम्ही उघडून द्या."

"परीक्षेत दुसऱ्याचा हात? अहो, मग मार्क हिला द्यायचे की मला?"

घरी येऊन मी पोळ्या करपवल्या. श्रुतिका म्हणाली, "आई, टेन्शन नको ना घेऊस. मी बघते."

तिने बघितलं. दुसऱ्या दिवशी काचेबाहेरून मीही बघत होते. ती कीबोर्डवर वाकली, उजव्या हाताच्या बोटांनी शेजारशेजारची दोन बटणं धरली आणि तिसऱ्यावर हनुवटी टेकवली. पडदा उजळला. मी टाळी वाजवणार, तेवढ्यात सर आत धावले.

"बघा, बघा! तिन्ही एकदम! जमतंय की हिला!" आणि त्यांनी तत्परतेने आतली सोय बंद केली. गरज नसताना सवलत देणं नियमात बसत नाही.

उरलेला पेपर श्रुतिकाने हनुवटीने सोडवला. घंटा झाली तेव्हा फाइल सेव्ह करायची राहिली होती. सेव्ह नाही म्हणजे पेपर नाही. पेपर नाही म्हणजे शून्य.

हनुवटीचा व्हिडिओ मात्र मॅडमनी व्यवस्थित सेव्ह केला होता. संध्याकाळी तो पालकांच्या ग्रुपवर आला, मागे बासरी लावून. 'जिद्दीपुढे सगळं सोपं!' वर्गातल्या मनालीच्या मम्मीने लिहिलं, "रडू आलं गं! नाहीतर आमची मनाली, दोन हात असून स्वतःचा पसारा आवरत नाही." स्नेहसंमेलनात श्रुतिकाने हेच स्टेजवर करून दाखवावं, नंतर पाहुण्यांच्या हस्ते तिचा सत्कार व्हावा, असंही ठरलं.

श्रुतिका माझ्यासमोर खोबरेलाची बाटली घेऊन बसली. हनुवटी लाल झाली होती.

"आई, त्यांना सांग ना, सत्कार नको. ती चौकट द्या."

एव्हाना तो व्हिडिओ तुमच्यापर्यंतही पोचला असेल. तुम्ही हात जोडले असतील, चार जणांना पुढे धाडला असेल. आता एवढं करा. ऑफिसात तुमच्यानंतर आणखी कुणी कुणी वापरतं त्या संगणकापाशी बसा आणि शिफ्ट पाच वेळा दाबा. चौकट आली तर उत्तम. नाही आली, तर आठवून बघा: ती एकदा आली होती, ऐन कामात, टुंग करून. तुम्ही वैतागून 'पुन्हा विचारू नको' असं तिला बजावलंत.

संगणक आज्ञाधारक असतो. त्यानंतर त्याने कुणालाच विचारलेलं नाही.